रुमालाखाली

नावं विकते मी.
पाटी नाही, गल्ला नाही.
विश्रामबागेत दोन खोल्या, एक लॅपटॉप
आणि एकशे बारा नावांची वही,
प्रत्येकापुढे मुदत संपायची तारीख.

वडील मार्केट यार्डात तोलार होते.
सदऱ्याला बारा महिने हळद.
तेव्हा हरिपूरच्या पेवांत माल उतरायचा,
जमिनीच्या पोटात, तोंडावर माती लिंपून,
भाव येईपर्यंत गप्प.
मीही तेच करते.
फक्त एका वर्षाचे पैसे भरायला विसरलं
म्हणून पेवातली हळद
रातोरात दुसऱ्याची होत नव्हती.

सहा वर्षांपूर्वी मिरजेच्या इस्पितळात
वडिलांच्या सलाइनचे थेंब मोजता मोजता
फोनवर एक नाव घेतलं:
पेवहळद डॉट इन.
सहाशे नव्व्याण्णव रुपये.
ते म्हणाले, काय घेतलंस?
म्हटलं, पेव.
बरं, म्हणाले, कोरडं आहे ना बघ.

गेल्या श्रावणात मेल आला.
मी विद्यार्थी आहे, कॉलेजच्या प्रोजेक्टला हवंय,
पाचशेत द्याल का?
विद्यार्थ्याच्या नंबरामागे निघाले
मगदूम मसाले, कुपवाड एमआयडीसी.
चार दिवस उत्तर दिलं नाही.
पाचव्या दिवशी लिहिलं,
प्रोजेक्ट छान आहे, काकांना भेटायला येते.

गणपती पेठेतली पेढी.
कोपऱ्यात खोकी रचलेली, एक फुटलेलं,
आत पिवळे पाऊच, छापून तयार,
पाठीवर माझं नाव.
माझं म्हणजे, वहीतलं.
किती हजार छापलेत, विचारलं नाही.
मनातला आकडा उठून बसला,
आळोखेपिळोखे दिले त्यानं,
दुप्पट झाला.

पायगोंडा मगदुमांनी पुतण्याला चहा सांगायला धाडलं.
खांद्यावरचा रुमाल काढून हातावर टाकला.
"तोलाराची पोर न्हवं तू?
मग तोंडानं कशाला?"

त्या रुमालाखाली कधी बाईचा हात गेला नव्हता.
पण जेवताना, ताटाच्या कडेशी,
वडिलांनी शिकवलेली बोटांची बाराखडी
माझी बोटं विसरली नव्हती.
त्यांनी धरली, सोडली.
मी धरली.
त्यांच्या अंगठ्याची कातडी हळकुंडासारखी.
मला खोकी दिसत होती.
मला दिसतायत, हे त्यांना दिसत होतं.

आकडा सांगणार नाही.
रुमाल मग कशासाठी असतो?
एवढंच सांगते, दुप्पट होऊन उठलेला तो
परत खाली बसला,
पुरता नाही, उकिडवा.

पुतण्या आला चहा घेऊन.
"कोड देऊन टाका आता,
पैसे संध्याकाळी टाकतो.
हा बघा, स्क्रीनशॉट."
संध्याकाळच्या पैशाचा दुपारीच स्क्रीनशॉट!
म्हटलं, पैसे तिसऱ्याकडे ठेवा.
तो धरून बसेल.
नाव तुमच्या खात्यात आलं, तुम्ही हो म्हटलं,
की तो मला सोडेल. त्याची फी निम्मी निम्मी.
तोवर कुलूप माझ्याकडे.

"म्हणजे आमच्यावर भरवसा नाही?"

पायगोंडा बशीतला चहा फुंकत म्हणाले,
"हिचा बाप माझं पोतं तोलायचा,
तवा काट्यापासनं मला दोन हात लांब उभा करायचा.
तीस वर्षं.
त्येलाच भरवसा म्हणत्यात, बाळा."

सहा दिवस लागले.
वहीतली एक ओळ खोडली.
बोटांचा पिवळेपणा निघेना,
तशाच हातानं सात नावांची मुदत वाढवली,
चार सोडून दिली.
त्यातलं एक कुण्या डॉक्टरांच्या नावासारखं होतं,
हावरटपणानं घेतलेलं. गेलं ते बरं.

आणि एक आहे,
त्याला गिऱ्हाईक आलं तरी मी मेल उघडत नाही.
आयर्विनपातळी डॉट इन.
कृष्णा चढायला लागली की पुलावर जाऊन येते
आणि तिथं फुटांचा आकडा लिहिते,
दर तासाला,
उघड्यावर, रुमालाशिवाय.