आठव्या ओळीतला र

पंचायतीचं काम निघालं :
तळ्याकाठचा जुना फलक पुन्हा रंगवणे.
वर जाड अक्षरांत 'काय पाहावे, काय करावे',
खाली दहा ओळी, पिवळ्यावर निळ्या.
मजुरी ओळीमागे. रंग माझा, शिडी त्यांची.
डिचोलीहून पहिल्या बसनं आलो,
भाजीपाव खाल्ला, चहा उभ्यानंच,
आणि जुन्याच अक्षरांवरून ब्रश फिरवत निघालो.

एक : पायडलच्या होडीतून फेरी.
दोन : बांधावरून चालणे.
तीन : मंदिर व दीपमाळ.
चार : कमळे, सकाळी नवाच्या आत.
सातापर्यंत हात सरळ गेला,
आठव्यावर अडला.
पत्र्याचा पोपडा गेलेला, त्याच्यासोबत शब्दही.
शेवटचं एकच अक्षर शिल्लक : र.

आठवा ठेवला तसाच, खाली सरकलो.
नऊ : सूर्यास्त.
दहा : बांधावर उभे राहून हाक मारावी, उत्तर ऐकावे.
मग सरपंचांना फोन लावला.
"घाला हो कायतरी," म्हणाले.
पण कायतरीच्या शेवटी र येत नाही.

सावळो होडीवाला म्हणाला, "मगर.
आमच्या लहानपणी होती.
नाव वाचूनच लोक पाय पाण्यात सोडत नसत."
सात नंबरची होडी डावीकडे ओढते,
तिला बांबूनं सरळ करत तो हे सांगत होता,
आत बसलेली बेळगावची बाई मात्र
झटकन पाय वर घेऊन बसली.

कायतान म्हणाला, "बार! आणि कितें?
बापायचो. त्यावेळी दुसरं होतं काय इथं?"
उर्राकाचे दिवस. पुरावा म्हणून
त्यानं एक ग्लास माझ्यापुढं सरकवला.
पुरावा चांगला होता.

भटजींचं मत, मंदिर.
मंदिर तिसऱ्यावर आलंय, म्हटलं.
"मग दुसरं," म्हणाले, आणि सोवळ्यातला हात
झाडीच्या दिशेनं असाच फिरवला.

एर्मेलीन पाटी उतरवून टेकली :
"बाजार रे पुता. आयताराचो.
तळ्याचं मासं इथंच संपायचं, घरी न्यायला उरत नसे."
शाळेतून सुटलेली पोरं म्हणाली, ढेकर,
आणि हसून हसून एकमेकांवर पडली.

उपासो शेंगा विकतो. आधी ट्रक चालवायचा, खाणीवर.
तो काही बोलला नाही.
शेंगा भाजल्या, पुडी बांधली,
पैसे मोजून खिशात ठेवले,
मग तळ्यापलीकडं बघत राहिला,
जिथं आभाळ
जरा जास्तच खाली उतरलंय.
"डोंगर," म्हणाला. "मीच नेला.
दिवसाला सात खेपा.
एकट्यानं न्हय, रांग असायची आमची,
तांबडी धूळ, हॉर्न, धक्क्यावर बार्ज लागलेले.
तिथून पुढं कुठं गेला, ते कुणी सांगितलं नाही."
थोड्या वेळानं :
"आता तिकडं सूर्य उशिरा बुडतो.
पावण्यांक आवडटा."

फडकं ओलं करून मी पत्रा घासला.
ड कुठं दिसतो का, ग चा काना.
गंज निघाला. बोटं तांबडी झाली.
शेवटी र तेवढा नव्यानं काढला,
पोट गोल, शेपूट ठसठशीत,
अलीकडं तीन-चार अक्षरांची जागा सोडून.

कारकुनानं नऊ ओळींचे पैसे दिले.
र चे नाही. मी भांडलो नाही.

शेवटची बस वळणावर थांबली तेव्हा
बेळगावची पोरं फलकासमोर उभी होती,
जागा भरत होती, गळा काढून :
वानर! खापर! कोथिंबीर!
मग त्यांनी दहावी ओळ वाचली,
धावत बांधावर गेली
आणि तळ्यापलीकडं तोंड करून
एकेक शब्द फेकायला लागली.
फेकायची, थांबायची, कान द्यायची.
पुन्हा फेकायची.

कंडक्टरनं घंटी मारली.
मी खिडकीतून कान दिला तोही,
बस वळेपर्यंत.