टॅकेट नॉबचं समीकरण

काचेआडचा तो कॅल्क्युलेटर एकशे एकोणीस डॉलरला.
कॉर्बिनची आई तासाला अकरा मिळवते.
तिनं भागाकार मनातच केला
आणि पोराला घेऊन बाहेर पडली.

वेस्ट व्हर्जिनियाच्या ह्या दरीत
आता खाण नाही. दोन चर्च आहेत, एक लायब्ररी,
तिच्यात चार कॉम्प्युटर आणि मी, रात्रीचा राखणदार.
नऊला कुलूप लावायचं असतं.
मी ते हातात घेऊन बसायचो.

मिस रॅटलिफनं त्याला चिठ्ठीवर नावं लिहून दिली होती.
'फुकट, पण चोरीचं नव्हे', खाली दोन रेघा.

पहिलं उतरवलं ते हुबेहूब सोंग:
तीच बटणं, तोच राखाडी पडदा,
पण आतला जीव मागत होतं,
ज्याच्याकडे खरं यंत्र आहे त्यानं त्यातून काढून आणावा.
"म्हणजे गाय असेल त्यालाच दूध फुकट," मी म्हणालो.

दुसरं म्हणजे काळी खिडकी
आणि लुकलुकणारी एक रेघ. सगळं टाइप करायचं,
आणि आमच्या की-बोर्डवर 'ई' उमटत नाही.
ई म्हणे गणितातला मोठा मानकरी, त्याच्यावाचून पान हलत नाही.
पोरानं तो कुठल्याशा शब्दातून उचलून
दर वेळी चिकटवला. तीन रात्री.

तिसरं उघडलं
आणि पांढरं मैदान पसरलं, मधोमध दोन अक्ष.
कितीही जवळ जा, वक्र गुळगुळीतच.
त्याची पोथी उघडी असते, कॉर्बिन म्हणाला,
कुणीही वाचावी, खोडावी, दुसऱ्याला द्यावी.
मी चाळीस वर्षांत
कंपनीचा एक कागद धड वाचलेला नाही.

मग त्यानं फोटो आणला.
अठ्ठ्याऐंशी सालची सहल, कलिंगडं, कुणाचे तरी काका,
आणि मागे टॅकेट नॉब,
अजून होता तेव्हाचा.
फोटो अक्षांखाली सरकवून त्यानं कड्यावर
अकरा बिंदू ठेवले
आणि बहुपदी मागितली.
क्षच्या सहाव्या घाताची एक निळी रेघ
डोंगराच्या पाठीवर अलगद बसली.

"तुम्ही पाहिला होता हा?"
"पाहिला होता," मी म्हणालो.
कुठून, ते बोललो नाही.
बावीस वर्षं मी ड्रॅगलाइन चालवली.
तिच्या बादलीत शाळेची बस मावायची.

आता सपाट आहे तिथं त्यानं एक आडवी रेघ मारली
आणि वक्र ते रेघ, मधलं क्षेत्रफळ काढलं.
एक आकडा आला. तो त्याच्याकडे बघत राहिला.
माझ्याकडे दुसरा आकडा होता,
पाळीगणिक, टनांत, पगाराच्या पावत्यांमागे लिहिलेला.
तो घरच्या कपाटात आहे.

परीक्षेत कॉम्प्युटर चालत नाही.
शाळेनं कपाटातल्या नऊ यंत्रांपैकी एक उसनं दिलं,
देण्याआधी मेमरी पुसून. तसा नियम आहे.
शेवटचं उत्तर लिहून सात मिनिटं उरली, तो सांगत होता,
तर सातही सहगुणक तोंडपाठ, घातले.
त्या टिचभर पडद्यावर नॉब आला,
पायऱ्यापायऱ्यांचा, लहान मुलानं ठोकळे रचावेत तसा.
मग घंटा झाली. यंत्र परत.
बाईंनी मेमरी पुन्हा पुसली.

तो ऑगस्टमध्ये मॉर्गनटाउनला गेला.
फाइल तिसऱ्या कॉम्प्युटरवर आहे.

काल रात्री उघडली.
उजवीकडून चौथा बिंदू चुकलाय.
फोटोत तिथं झाडाची फांदी आडवी येते,
त्याला कसं कळणार?
तिथं खाच होती.
पहिल्या महिन्यात आम्ही तिच्यात डबे खायला बसायचो,
वारा लागत नसे.

मी माउस धरला, तो बिंदू
जरासा खाली ओढला,
आणि सगळा डोंगर हलला.