फ्रेमा झाकल्या जाऊ नयेत

मेनरोडच्या दंडगव्हाळ चष्मेवाल्यांनी
दर्शनी खिडकी आम्हाला दिली चाळीस दिवसांसाठी,
एकच अट घालून:
फ्रेमा झाकल्या जाऊ नयेत.

"नाशिक म्हणजे द्राक्षं. द्राक्षं करा," ते म्हणाले.
निरभवणे काका नुसते हसले.
बत्तीस वर्षं सातपूरला
त्यांनी प्रयोगशाळेची काच फुगवली,
ब्युरेट, कंडेन्सर, लांब मानेचे चंबू.
केसभर चुकलं की माल परत.
आता त्यांना फुंकायचं होतं
कुठल्याच मापाचं नसलेलं काही.

लाकूड माझं.
अंबडच्या भंगारातली पाइनची खोकी,
जर्मनीहून मशीन घेऊन आलेली.
फळ्या सुट्या केल्या, घासल्या,
घाटाच्या पायऱ्यांसारख्या उतरत्या लावल्या.
रंग शेवाळी, खाली काळपट,
आणि अगदी तळाला
भांडी घासून झाल्यावर हाताला राहतो तो राखाडी.
एका फळीवर छापलेला पेला होता,
म्हणजे आत काच आहे, सांभाळा.
आत काच कधीच नव्हती.
तेवढी फळी मी रंगवली नाही.

काका ज्योतीत नळी फिरवत ठेवायचे
आणि गरम चहावर घालावी
तेवढीच फुंकर.
एकशे बारा बुडबुडे झाले.
काही लिंबाएवढे, काही हरभऱ्याएवढे,
काही म्हणजे नुसतीच चूक,
पण ठेवा म्हणाले, तीही ठेवा.
"कुंडात पोहायला शिकलो ना,
तळातून असेच यायचे, पोटाला गुदगुल्या करत.
आता वर सिमेंट आहे.
पण झरे काय, कुणाला विचारून थांबतात?"

नायलॉनच्या दोऱ्याला ते बांधले,
फळ्यांच्या फटींतून वर निघाल्यासारखे.

लोक विचारायचे, दिवाळीचं आहे का?
जोडी केवढ्याला?
एक पोरगा बाहेरून नाक लावून उभा राहिला
आणि थुंकीचे बुडबुडे काढून दाखवले त्याने,
आमच्यापेक्षा बरे.
दंडगव्हाळ रोज रात्री मोजायचे.
बुडबुडे नाही, फ्रेमा.

मग एका बुधवारी
रविवार कारंज्यावर लिंबं विकणाऱ्या गजराबाई
डोळ्यांत थेंब घालून बाकावर बसल्या होत्या.
अर्धा तास थांबा, म्हणाले होते त्यांना,
बाहुल्या मोठ्या होऊ द्या.
पाचच्या सुमाराला ऊन तिरपं आत आलं,
काचेतून, शेवाळी कडांवरून,
फरशीवर उतरलं आणि हलायला लागलं.
कुणी दार उघडलं की जास्तच.

बाईंनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.
लुगडं घोट्याच्या वर.
"पोरी," मला म्हणाल्या,
"पाणी आलं की गं."

मी सांगणारच होते, अहो, ते काचेचं आहे.
काका शेजारीच बसले होते.
त्यांनी खाली पाहिलं,
चपला हातात घेतल्या,
आणि पाय वर घेतले.