सरसकट

नोटीस हिंदीत होती. छत्रीबागेच्या अख्ख्या ओळीला एकच:
पाटी तीन फूट, जमीन निळी, अक्षर पांढरं,
वळण सोबतच्या नमुन्याबरहुकूम.
'एकरूपता' या शब्दाखाली बाबांनी पेन्सिल ओढली.
"याला आपल्यात काय म्हणायचं गं?"

एकसारखेपणा, मी म्हटलं.
"तो जुळ्यांत असतो. त्यांना कुणी दंड करत नाही."

मग शिस्त?
"काय म्हणून राहिली तू!"
ब्रश रॉकेलच्या डब्यात उभा राहिला.
शिस्त त्यांना ठाऊक होती, चाळीस वर्षं, शिडीवर:
खडू लावलेली दोरी दोन खिळ्यांत ताणायची,
मधोमध टिचकी मारायची,
धुळीची रेघ उठते, तिला अक्षरं टांगायची.
(आपली अक्षरं रेघेवर बसत नाहीत, लटकतात.)
रंग वाळला की रेघ फडक्यानं पुसायची.
"दोरी गिऱ्हाईकाच्या भिंतीवर सोडून
मी कधी घरी आलो नाही."

सरसकट, आई आतून म्हणाली.
निवडायचं नाही. सडक्यासकट घ्यायचं.

तो शब्द बाबा जेवताना घोळवत राहिले,
दाताखाली खडा आल्यासारखा.

सोमवारी पाट्या लागल्या.
हातिमभाईंच्या कुलपांवरचा किल्लीच्या दांड्याचा 'क' गेला,
साडीवाल्या कोरान्न्यांची पदर सोडलेली वेलांटी गेली.
नमुन्यात 'ळ' नव्हता,
म्हणून मुळे चष्मेवाले झाले मुले चष्मेवाले.
दुपारी एक बाई आत डोकावली,
"भैया, बच्चों के कपड़े हैं?"
मुळे हसले. मग काच पुसत बसले,
आधीच पुसलेली.

रात्री शिडी घरात नव्हती.

सकाळी निळ्या पाटीवर एकच अक्षर
जरा जास्त पांढरं, जरा ओलं, पोटाशी वळलेलं:
ळ.

पाचशेचा दंड मुळ्यांनी भरला,
पावती शोकेसमध्ये लावली, सोनेरी फ्रेमींच्या मधोमध.
नाव: श्री मुले.
कारकुनानं हातानं लिहिलेलं, घाईत,
उजवीकडे कललेलं,
'म' ची गाठ अर्धवट सुटलेली.

बाबा चष्मा वर करून बराच वेळ पाहत होते.
"हात चांगला आहे याचा," म्हणाले.