उबेचं दरपत्रक

सतरा वर्षं मी या देशात गारवा विकला.
टनांत मोजून, खिडकीला टांगून, छतात लपवून.
बरकाच्या मासळी-गोदामाला उणे अठरा,
रुवीतल्या सोनाराला बावीस.
आणि परवा सैफ अल रियामींचा फोन:
सैकला घर बांधलंय, सात खोल्या, गिलावा अजून ओला.
गरम करायला काय पडेल?

मी दोनदा विचारलं. गरम?
ते हसले. "मुहंदिसा, एकदा वर या. जानेवारीत या."

बिरकत अल मौझच्या चौकीवर पोलिसाने
चारी चाकं बघून सोडलं.
वर डाळिंबाच्या नुसत्या काटक्या,
डोंगराला पायऱ्या पाडून केलेले वाफे,
आणि वारा,
माझ्या नायलॉनच्या ओढणीला काडीची किंमत न देणारा.

शिहाबने लेसरने भिंती मोजल्या.
मी बोनेटवर लॅपटॉप ठेवून रकाने पाडले.

उलटा फिरणारा एसी: एकोणीसशे रियाल.
स्वस्त, पण गरम हवा छताशी जाऊन बसते
रुसलेल्या पाहुण्यासारखी, खाली यायचं नाव नाही.
फरशीखाली विजेची तार: एकवीसशे पन्नास.
पुढच्या बिलाबद्दल मी बोलत नाही.
गॅसचा बॉयलर, भिंतीला लोखंडी फासळ्या: तेहतीसशे,
सिलिंडर घाट चढून येणार,
घाट बंद तर तुम्हीही बंद.
फरशीखाली कोमट पाणी, बाहेर पंप: अठ्ठेचाळीसशे.
उत्तम. बारा वर्षांत पैसे वसूल,
असं माहितीपत्रक म्हणतं.
पण ते लिहिलंय जर्मनीत,
तिथे हिवाळा सहा महिने राबतो.

इथे किती रात्री?
सैफ बोटांवर मोजू लागले. साठ. पासष्ट धरा.
मी भागाकार केला:
पहिल्या वर्षी रात्रीला
त्र्याहत्तर रियाल, आठशे सेहेचाळीस बैसा.
"एवढ्यात मस्कतला समुद्राकाठी खोली मिळते,"
शिहाब पुटपुटला, "नाश्त्यासकट."

तेवढ्यात झुवैना आल्या, सैफची आई,
हातात कॉफीचा दल्ला, बसल्या सिमेंटच्या गोणीवर.
अक्षरं त्यांना येत नव्हती, रकाने बरोबर कळले.
म्हणाल्या, जुन्या घरात खाली शेळ्या असायच्या, चौदा.
वर आम्ही नऊ माणसं.
फळ्यांच्या फटींतून ऊब यायची.
वासही यायचा. फुकट.

सैफनी भाषांतरात वास गाळला.
मला तेवढं अरबी येतं.

"तुझ्या कागदात शेळ्या कुठे आहेत?"

मी नवा रकाना उघडला.
चालू खर्च: चारा. देखभाल: धार काढणे.
यंत्राचं आयुष्य: संपायच्या आत
दुसरं यंत्र स्वतःच जन्माला घालते.
म्हातारी इतकी हसली की कॉफी गोणीवर सांडली.

मग चुळबुळत म्हणाली,
सात खोल्या शुक्रवारी भरतात.
बाकीच्या रात्री मी असते,
आणि मी एकाच खोलीत झोपते.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, म्हणतात आमच्याकडे.
इथे पाय दोनच, अंथरुणं सात.

खोली क्रमांक तीन, अठरा चौरस मीटर,
फक्त तार: तीनशे दहा रियाल.
अठ्ठेचाळीसशेची शिकार करायला आले होते,
आता साहेबांना काय तोंड दाखवू?
सैफ बराच वेळ ओल्या गिलाव्याला बोट लावत उभे.
"दोन खोल्यांचं करा," म्हणाले.
झुवैनांनी त्यांच्याकडे पाहिलं.
याचं भाषांतर कुणी केलं नाही.

उतरताना अंधार पडला. बाहेर चार अंश.
गाडी नऊ वर्षांची, तिच्या बटणावरचा निळा
माझ्या अंगठ्याने पुसट झालेला,
लाल अजून कोरा करकरीत.
मी ते लालकडे फिरवलं.
धूळ भाजल्याचा वास आला.

"मॅडम, काहीतरी जळतंय."
"जळू दे," म्हटलं, "पहिल्यांदाच चालतंय."