फटीएवढं

चष्म्यावर शिरस्त्राण चढत नाही.
काड्या कानशिलात रुततात
आणि पहिल्या वाराआधीच
माझ्याच श्वासाने काचा आंधळ्या.

लेन्स लावून पाहिल्या. मागच्या जुलैत
एक धुळीत गेली, दुसरी डोळ्यातच दुमडली.
बोग्नाने कंदिलाजवळ बसवून काढली, हसत.
लेझरवाली डॉक्टर म्हणाली,
"त्रेपन्नाव्या वर्षी? तलवारबाजीसाठी?"
मी भाव विचारून घरी आलो.

मग झेमोवित लोहाराची युक्ती:
पोहण्याचा नंबरचा गॉगल, आतून, चामड्याने बांधलेला.
दिसलं की लख्ख!
फटीएवढंच, पण लख्ख:
गवत, कुणाचा बूट,
समोरच्याच्या दाढीत अडकलेला पावाचा चुरा.
चुरा दिसल्यावर
हातच उचलेना.

आता तसाच उतरतो, उघड्या डोळ्यांनी,
व्हिस्तुलाकाठच्या कुरणात.
ढाली म्हणजे सांडलेले रंग.
माणसं चालीवरून ओळखायची:
लंगडतो तो पोस्टमन,
टाचा आपटत येते ती बोग्ना, माझी लेक,
यंदा पलीकडच्या फळीत.

"बाबा, डावीकडे बघ!" ती ओरडते.
मी डावीकडे वळतो.
ती उजवीकडून हाणते.