डावी बाही

पूर्णगडात लोकर मिळत नाही.
रत्नागिरीला एका दुकानात होती,
तीही बाळांची : पिवळी, गुलाबी, पोपटी.
"घरात बाळंतीण कोण?" दुकानदारानं विचारलं.
मी पिवळीचे नऊ गुंडे घेतले
आणि काही बोललो नाही.

तुला थंडी वाजते.
अख्ख्या वाडीचे गंजीफ्रॉक पाठीला चिकटलेले
आणि तू गोधडीत,
पायाची बोटं बर्फातल्या बांगड्यासारखी.
मंगळवार, शुक्रवार,
साडेसहाची एसटी, चार तास मशीन,
आणि वर तो एसी,
जो म्हणे मशीनला लागतो, माणसांना नाही.

हवाबीनं शिकवलं मला.
नवरा कुवेतला होता तेव्हा चौदा वर्षं
ती लोकरीची तोरणंच विणत होती,
शेवटी दारं कमी पडली.
म्हणाली, "जाळी विणणारे हात तुमचे, दोन दिवसांत येईल."
दोन महिने झाले.

कारण जाळं गाठीवर उभं असतं.
एक डोळा फाटला तर तो एकच फाटतो,
बाकीचे आपापली गाठ धरून राहतात.
इथे गाठच नाही!
नुसता धागा धाग्याच्या गळ्यात हात घालून उभा.
एक घर सुईवरून निसटलं
की थेट खालपर्यंत शिडी.
चाळीस वर्षांत इतका बिनभरवशाचा माल
माझ्या हाताखालून गेला नव्हता.

घामानं सुई सरकत नाही.
खाऱ्या वाऱ्यानं तिला गंज,
पिवळ्यावर तपकिरी ठिपके.
खोबरेल लावलं, तर लोकरीला त्याचा वास.
सुकटीचा तर आधीपासून होताच.
होडीवरची पोरं विचारतात,
"तांडेल, हे कुठल्या मासळीसाठी?"
आहे एक, मी म्हणतो.
मोजून पाणी पिणारी.

माप घेतलं तेव्हा छाती चौतीस.
गळ्यापर्यंत आलो तोवर एकतीस.
उसवलं.
पुन्हा पाठ होत आली तर अंगावर सूज,
सिस्टर म्हणाली, तीन किलो पाणी साठलंय.
सोमवार रात्रीची तू
आणि मंगळवार संध्याकाळची तू,
दोघींना एकच स्वेटर कसा बसावा?
सैल ठेवा, हवाबी म्हणते.
सैल म्हणजे किती
ते तिलाही सांगता येत नाही.

डावी बाही सगळ्यात अवघड.
त्या हातात बांगडी नाही, त्या हातानं कळशी नाही.
कातडीखाली जोडलेली शीर,
कान लावला तर
इंजिन चालू ठेवून उभ्या राहिलेल्या होडीसारखी घुरघुरते.
तिथे दोन सुया जायला वाट हवी.
म्हणून ती बाही उभी उघडी ठेवली,
खांद्यापासून मनगटापर्यंत सात बटणं.
काजांसाठी घरं मुद्दाम गाळावी लागतात.
ते मात्र पहिल्या दिवशीच जमलं,
भोकं राखणं हाच तर माझा धंदा.

शुक्रवारी घातलास.
एक बाजू दोन बोटं लांब. गळा घट्ट,
डोकं आत अडकलं तेव्हा
तू हसत होतीस की चिडली होतीस, कळलं नाही.
सिस्टरनं चार बटणं सोडली, सुया लावल्या,
"कुणी शिवला हो?"
"विणलाय," तू म्हणालीस.
दाराशी उभा राहून मी ऐकलं.

संध्याकाळी एसटीत, पावसच्या उताराला,
झोपली आहेस असं वाटत होतं,
तर डोळे मिटूनच म्हणालीस,
"तिसरं बटण वेगळं लागलंय."

वेगळंच आहे.
माझ्या लग्नातल्या सदऱ्याचं.
दुकानात सहाच होती.